दवाखान्याच्या गाठी

बाळंतपण कसं करावं ते मला विचारा! एक फसलेलं आणि एक चिरलेलं, दोन्ही माझ्या नावावर जमा आहेत. गावातल्या बाया या विषयावर पदर तोंडात कोंबून बोलतात. मी ओसरीवर बसून मोठ्यानं बोलते. ऐकणाऱ्या पुरुषांना लाज वाटत असेल तर त्यांनी उठून जावं, दार उघडंच आहे.

माझ्या नवऱ्याचं नाव भैयाजी. घेतलं नाव! उखाण्याशिवाय घेतलं, आणि छप्पर जागच्या जागी आहे. मूल गावच्या राइस मिलमध्ये ते मुकादम. दिवसभर हमालांवर ओरडायचं आणि उरलेला आवाज संध्याकाळी घरी आणायचा. भात किती शिजवायचा, मी कोणत्या कुशीवर झोपायचं, पोटातल्या पोरानं लाथ कधी मारायची, सारं तेच ठरवत. मी पोटाला हात लावून "आई गं" केलं की यांचा हुकूम सुटे, "त्याले म्हनावं आता हलू नको, मी जेवून राह्यलो!"

हसा. पण आधी पहिल्या खेपेचं ऐका.

तेव्हा मी घरातच अडले होते. आमच्याकडे बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात, कुलपं काढतात, मडक्यांवरची झाकणं उचलतात. घर मोकळं झालं की पोट मोकळं होतं म्हणे. सगळं सोडलं, सगळं उघडलं. मूल आलं ते मेलेलं आलं. मग माझ्या सासूनं, गुणाबाईनं, घर धुंडाळलं आणि विहिरीच्या दोराला राहून गेलेली एक गाठ शोधून काढली. त्या गाठीनं नातू नेला, असं ठरलं. चांद्याला दवाखाना आहे हे कुणालाच आठवलं नाही. भैयाजी तेवढे तो दोर मांडीवर घेऊन बसून राहिले होते. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढंच पाहिलंय.

दुसऱ्या खेपेस मी कुणाला न विचारता चांद्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना पोट दाखवून आले. त्या म्हणाल्या, "तुझ्या हाडांची वाट अरुंद आहे. पोट चिरूनच मूल काढावं लागेल. कळा सुरू व्हायच्या आधी इथं येऊन राहा."

घरी सांगितलं तर सासूनं कपाळावर हात मारला. "पोट का कोहळं हाये चिराले?"

भैयाजी ताडकन उठले. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"होऊ दे ऑपरेशन! पन माह्या देखरेखीखाली!"

पोट माझं, चाकू डॉक्टरीणबाईंचा, आणि देखरेख यांची!

रेल्वेनं जाऊ म्हटलं तर ते नको. रेल्वेत हुकूम गार्डाचा चालतो! म्हणून बैलगाडी. गाडीत धानाच्या तणसावर मी, माझ्या उशाशी सासू, पायाशी तांदळाचं पोतं. भैयाजी पुढं पायी चालत होते आणि दर खड्ड्याला ओरडत होते.

"वारलू, धीरे! वारलू, उजवीकडून! कमळे, श्वास घे!"

वारलू आमचा गाडीवान. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी श्वास घेऊनच घ्या. मंग तरी मालक चूप बसतीन."

दवाखान्यात पोचल्यावर यांना मिलचाच भास झाला असावा. जैनब नर्सला झाडू कसा धरायचा ते सांगितलं. माझी खाट दाराशी नेली, मग खिडकीशी नेली, मग पुन्हा दाराशी आणली. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बाई, आमी बकरं सोलतो तवा उभा चिरा देतो. हात बसते."

"मग बकरं आणा, ते तुम्ही सोला," बाई म्हणाल्या. "हिच्याकडे मी बघते."

ऑपरेशन ठरलं होतं त्याच दिवशी सकाळी, मला आत न्यायच्या आधीच, कळा सुरू झाल्या. मी कण्हले. सासू किंचाळली, "भैया! गाठी!"

"या खेपेले एकबी नाई राहाची, माय!"

आणि माझा नवरा दवाखान्यात असा घुसला, जसं धानाच्या बांधीत रानडुक्कर! आधी आवारातले बैल सोडले. ते सरळ डॉक्टरीणबाईंच्या मेथीत गेले. मग वॉर्डातल्या मच्छरदाण्यांच्या दोऱ्या सोडल्या. साऱ्या मच्छरदाण्या रोग्यांच्या तोंडावर! एक म्हातारी जागी झाली, वर पांढरं कापड दिसलं, आणि आपण मेलो असं समजून तिनं स्वतःसाठीच हंबरडा फोडला. यांनी औषधांच्या कपाटाचं कुलूप काढायला लावलं. जैनबला म्हणाले, "बाई, तो आंबाडा सोडा!"

"काऊन सोडू? तुमच्या घरवालीच्या पोटात दुखते, माह्या डोक्यात नाई!"

पलीकडे लालसू होता, मोहाच्या झाडावरून पडून मांडी मोडलेला. त्याचा पाय दोरीनं वर टांगून दोरीच्या दुसऱ्या टोकाला विटा लटकावल्या होत्या. भैयाजींचे डोळे चमकले. "इथी तं गाठीच गाठी!"

"भाऊ, नको! भाऊ, माहा पाय!"

गाठ सुटली. विटा धाडकन खाली, पाय धाडकन खाली, आणि लालसूनं अशी आरोळी ठोकली की डॉक्टरीणबाई धावत माझ्याकडे न येता त्याच्याकडे गेल्या. त्या तिकडे वळल्या तेवढ्यात हे ऑपरेशनच्या खोलीत शिरले. तिथं वाफेवर शुद्ध केलेली हत्यारं आणि कापडं झाकणबंद डब्यांत ठेवली होती. यांनी एकेक झाकण उचललं. वर आत हात घालून पाहिलं, कुठं गाठोडं तर बांधलेलं नाही ना!

जैनबची किंकाळी मला खाटेवर ऐकू आली.

इथं माझं हसू संपलं. तुमचंही संपू द्या. सगळं पुन्हा उकळायचं, पुन्हा वाफ द्यायची. तोवर कळा थांबणार थोड्याच! पहिल्या खेपेला त्यांनी जसं पिळलं होतं तशाच त्या पिळू लागल्या, तीच वाट, तेच अरुंद हाड. पोटातलं मूल धडपडत होतं. मला एवढंच दिसत होतं की चांद्याच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंपासून हातभर अंतरावर, माझं दुसरं मूलही घरच्यासारखंच मरणार. आणि कशानं? प्रेमानं! हो, भैयाजींचं प्रेमच होतं ते. पण गळ्यात पडलेलं प्रेम आणि गळ्यात पडलेला फास, ज्याचा गळा आवळतो त्याला दोन्ही सारखेच.

डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "या माणसाला कोंडा!"

वारलू पुढं झाला. इतक्या आनंदानं हुकूम पाळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं मालकाला कमरेला मिठी मारून सरपणाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

झालं! सासूनं छाती बडवली. "कुलूप लागलं! माह्या नातवाचा रस्ता बंद केला! उघडा!" आतून भैयाजी दार बडवत होते, "उघडा! कमळे, सांग त्याइले! एकबी बंद नाई पाह्यजे!" वारलू घाबरला. त्याचा हात पुन्हा कुलपाकडे गेला.

मी खाटेवर उठून बसले. कशी बसले देव जाणे.

"वारलू, हात लावलास तर याद राख! आत्याबाई, मागच्या खेपेले सारंच उघडं होतं ना?"

सासू थबकली.

"कुलपं उघडी, झाकणं उघडी, माझे केससुद्धा तुम्हीच सोडले होते. मग माझं लेकरू कुठंय?"

आत भैयाजींचा हातही थांबला. गुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हातारी सरपणाच्या खोलीपाशी गेली आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

"भैया," ती म्हणाली, "बस तिथंच."

मंजुरीची सही नवऱ्याची लागते म्हणाले. नवरा लाकडांत! मग मीच केली. पुड्यांच्या कागदांवरून एकटीनं शिकलेली अक्षरं होती माझ्याकडे, वाकडी असतील, पण माझी. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली आणि मान हलवली. हत्यारं उकळून आली. नाकाशी गोड, घाणेरड्या वासाचा कापूस आला, आणि मी गेले.

परत आले तेव्हा कुशीत मुलगी होती. जिवंत. भोकाड पसरून रडत होती, आणि तिला कुणीही गप्प बस म्हणत नव्हतं.

भैयाजींना सोडलं होतं. केसांत लाकडाच्या ढलप्या, नाकाला काजळी. पोरीवर वाकले, तिच्या मुठीत बोट दिलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी शहाण्यासारखं बोलणार.

"चाल, आता समजलं मले सारं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले पाह्य, मी कसं बराबर जमवतो!"

जैनब माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. सासूनं पोरीचे कान झाकले.

मी मात्र एक शब्द बोलले नाही. पुढं गावभर माझं कौतुक झालं, कमळा किती सोशीक, किती सालस! खोटं कशाला सांगू? डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली होती, आठवडाभर ओरडायचं नाही, टाके उसवतील.