मालनबाईंनी पुजलेला मीटर

खंडेनवमीच्या सकाळी गहिनीनाथ हजामत करून घरी आला, तर आईची पूजा मांडून तयार होती. विळा, कुदळ, पाना, हातोडी, सगळं राखेनं घासून लख्ख केलेलं. आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, साखर कारखान्याचा नवा मीटर.

"आई, ह्यो कुनी काढला पेटीतनं?"

"मी. कळकट दिसत हुता. चिंच लावून घासला, दोन तांबे पानी वतलं," मालनबाई कौतुकानं म्हणाल्या.

गहिनीनाथ मटकन खाली बसला. खेकड्याच्या नांगीसारखे जबडे असलेला तो मीटर कारखान्याचे इंजिनिअर उपासनीसाहेब यांनी मोठ्या साहेबांशी हुज्जत घालून पुण्याहून मागवला होता. जबडे वायरीभोवती मिटले की वायर न कापता करंट कळायचा. स्टोअरात उंदीर फार, म्हणून साहेबांनी तो विश्वासानं गहिनीनाथच्या घरी ठेवायला दिला होता. शिवाय गहिनीनाथला कायम करण्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर सहीवाचून पडला होता. सहा वर्षं तो हंगामी वायरमन होता. हंगाम संपला की घरी, बॉयलर पेटला की कामावर. यंदाही सही झाली नाही तर बायको माहेरून परत येणार नव्हती, तसं तिनं कळवलंच होतं.

त्यानं मीटर उचलून पाहिला. काचेवर कुंकू होतं आणि काचेच्या आत पाण्याचा एक टपोरा थेंब.

"ठेव खाली! पुजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई," मालनबाई कडाडल्या.

"अगं, दुपारी चाचणी हाय!"

"मंग साहेबाला हितं बोलाव."

त्या पुरण वाटायला आत गेल्या, तेवढ्यात गहिनीनाथनं मीटर सदऱ्याखाली घातला आणि माळेत सायकलचा पंप ठेवला. आता पाणीही शिरलं होतं आणि देवाचा अपराधही झाला होता. कारखान्यापर्यंत त्यानं दर दहा पावलांवर काचेवर फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या हस्ते बॉयलर पेटणार होता. त्याआधी ऊस वाहणारा पट्टा चालवून बघायचा होता. पट्ट्याची मोटर डी.सी.वर चाले. लाइनीतून येणाऱ्या ए.सी.चा डी.सी. करणारं एक भलंमोठं लोखंडी कपाट होतं, त्याला सगळे रेक्टिफायर म्हणत. कपाटावरचा जुना मीटर गेल्या हंगामातच बंद पडला होता.

फोरमन भिमाजीनं बटण दाबलं. रिकामा पट्टा खडखडत निघाला. गहिनीनाथनं मोटरकडे जाणाऱ्या वायरीला जबडे लावले. काटा किंचित थरथरला आणि शून्यावर बसला. गहिनीनाथनं हळूच काचेवर आणखी एक फुंकर मारली.

"शून्य? म्हणजे रेक्टिफायर गेला!" उपासनीसाहेब ओरडले.

"पर सायेब, पट्टा तर चालतोय," भिमाजी म्हणाला.

"करंटाशिवाय चालतो का?"

"मोकळा हाय, चालत आसंल."

मग पट्टा थांबवून फ्यूज बदलले, नटबोल्ट आवळले, कपाटाची दारं काढली. पुन्हा चालवला. पट्टा जोरात, काटा शून्यावर. साहेबांनी पुण्याला ट्रंककॉल लावला आणि उद्याचा समारंभ पुढे ढकलावा असं मोठ्या साहेबांना कळवायला चिठ्ठी लिहायला घेतली. आमंत्रणं तालुकाभर गेली होती. गहिनीनाथला ते बघवेना.

"सायेब, रेक्टिफायर चांगला हाय. आईनं मीटर धुतला."

"काय केला?"

"चिंच लावून धुतला. आन् मी पूजेतनं उचलला."

साहेबांचा चेहरा कुंकवाहूनही लाल झाला. "तुझा कागद मी आजच फाडतो! धुतलेला मीटर काय दाखवणार, कपाळ?" असं म्हणत त्यांनी रागानं मीटर हिसकावला आणि समोर आली त्या वायरीवर जबडे मिटले. ती कपाटात येणारी वायर होती. काटा टुणकन वीसवर गेला.

"जित्ता हाय!" भिमाजी ओरडला.

जाणाऱ्या वायरीला लावला, शून्य. येणाऱ्या वायरीला लावला, वीस. साहेबांनी पेटी मागवली. पेटीच्या तळाशी मालनबाईंच्या हळदीची बोटं उमटलेलं माहितीपत्रक होतं. ते त्यांनी ओठ हलवत वाचलं, मध्येच थांबले, चार घड्या घालून खिशात टाकलं आणि भिमाजीला ट्रंककॉल रद्द करायला पिटाळलं. मग ते गहिनीनाथच्या जवळ सरकले.

"गहिनीनाथ, हा फक्त ए.सी. मोजतो. डी.सी. याला कळतच नाही."

"मंजी बिघडला न्हाई?" गहिनीनाथच्या जिवात जीव आला.

"हळू बोल! मी याच कामासाठी भांडून मागवलाय हा. मोठ्या साहेबांनी विचारलं, तर तुझ्या आईनं धुतला तेव्हापासून डी.सी. दाखवत नाही, एवढंच सांग."

सहा हंगामांत गहिनीनाथ साहेबांपुढे पहिल्यांदाच ताठ उभा राहिला.

"आधी सही करा सायेब. मंग आई धुवील."

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढलं.

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा मालनबाई सायकलचा पंप हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यानं घाईघाईनं सहीचा कागद पुढे केला आणि झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी पंप खाली ठेवला, कागदाला कुंकू लावलं आणि जरा विचार करून म्हणाल्या,

"सायबाकडं आनखी काय धुवायचं राहिलं आसंल, तर घेऊन ये."