रेड्याचा दुसरा गिअर

भाऊ शिवलकरांना फोन करायचा असेल तर आधी घसा साफ करून घ्यावा. गाडीला काय झालंय ते त्यांना शब्दांत सांगून चालत नाही. "चढावर ओढत नाही हो" असं कोणी म्हणालं की पलीकडून एकच फर्मान येतं, "आवाज काढ." मग माणूस कितीही मोठा असो, त्याला फोनवर घुर्र, टक्-टक्, फुस्स असं जे काय असेल ते करून दाखवावं लागतं. आमचे डॉक्टर एकदा भरल्या दवाखान्यात पाच मिनिटं "खडाळ-खट, खडाळ-खट" करत होते. समोर बसलेल्या आजी औषध न घेताच घरी गेल्या म्हणे. भाऊंनी तो आवाज स्वतःच्या तोंडाने परत काढून खात्री करून घेतली आणि सांगितलं, "टॅपेट. घेऊन या."

भाऊ माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये जांभ्या दगडांचा एक बुटका गडगा आहे आणि तीस वर्षांची भांडणं आहेत. ते आयुष्यभर मेकॅनिक, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे इंजिनातलं मला काही कळत नाही याबद्दल त्यांची पक्की खात्री आहे. तरुणपणी ते मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारी लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. तिथेच कान तयार झाला. बोलताना दर दोन वाक्यांनी ते थांबतात, एक बोट वर करतात आणि विचारतात, "ऐकताव काय?" ऐकायला काहीच नसलं तरी आपण मान डोलवायची.

त्यांच्या मांगरात, म्हणजे पडवीला लागून असलेल्या छपरीत, एक अमेरिकन गाडी आहे. दोन दरवाजे, आठ सिलिंडर, डाव्या हाताचं स्टिअरिंग आणि पुढे आमच्या स्वयंपाकघराएवढं बॉनेट. मुंबईचा कोणी शेठ आंब्याच्या दिवसांत ती घेऊन आला होता. गाडी इथे बंद पडली, शेठ बसने गेला आणि मग "आता तूच ठेव" असा निरोप आला. भाऊंनी दोन वर्षं खपून ती उभी केली आणि नाव ठेवलं रेडा. रेडा सुरू झाला की माझ्या फडताळातले कप वाजायचे. पेट्रोल तर असं प्यायचा की भाऊ त्याला घेऊन फार लांब कधी गेलेच नाहीत. बाजार, गॅरेज आणि परत घर, एवढंच त्याचं जग.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. खरं सांगायचं तर अर्धी त्यांना चिडवायलाच घेतली.

भाऊ गडग्यावरून वाकून बघत राहिले. "सर, चालू करा की."

"चालूच आहे."

"हा मिक्सर आणलाव तुम्ही, चाकं लावलेला." मग थोडा विचार करून म्हणाले, "मिक्सर पण नाय. मिक्सरला आवाज तरी असतो. धरणाच्या पाण्यावर पोफळीला वीज केली ती दिवे लावायला. तिच्यावर कसल्या गाड्या फिरवताव?"

मी त्यांना टॉर्क समजावून सांगितला. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मिळतो, तुमच्या रेड्याला आधी फुरफुरावं लागतं, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाटीवर या."

घाटी म्हणजे मुख्य रस्त्यावरून आमच्या आळीत चढणारा चढ. मधे फणसाचं वळण आहे, तिथे भल्याभल्यांना गिअर उतरवावा लागतो. रविवारी सकाळी आम्ही दोन म्हातारी माणसं खाली गाड्या लावून उभे राहिलो. भाऊंनी डोक्याला रुमाल बांधला होता. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण स्वतःची स्तुती बरी दिसत नाही. मी वर पोचलो, गाडी लावली, पायरीवर बसलो आणि मग रेडा धुराचा लोट घेऊन फणसाकडून वळला.

"झालं ना समाधान?" मी म्हणालो.

"कसलं? तुम्ही पोचलाव ते कळलं कुणाला?" भाऊंनी पडवीकडे तोंड केलं. "अगो, पयला कोण आला?"

पडवीत वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. "तुमीच की," त्या म्हणाल्या. "सर अजून खालीच हायत ना?"

मी त्यांच्यापासून दहा हातांवर उभा होतो, पण रेडा अजून गुरगुरत होता आणि माझं बोलणं त्यात बुडालं होतं. त्या दिवशी मी शर्यत हरलो आणि आळीत अजून तोच निकाल धरला जातो.

वहिनींना दिसत नाही. काचबिंदूने बारा वर्षांपूर्वी नजर गेली, नुसता उजेड-अंधार कळतो. तांदूळ त्या बोटांनी निवडतात आणि माणसं कानांनी. त्या मूळच्या मिरकरवाड्याच्या. किनाऱ्यावर उभं राहून नुसत्या आवाजावरून कोणाची लाँच येतेय ते त्या लहानपणी सांगायच्या. भाऊंची ओळखही तशीच झाली. भाऊंनी त्यांच्या वडलांच्या लाँचला नवा सायलेन्सर बसवला. लाँच अगदी गुपचूप चालायला लागली म्हणून हे मेकॅनिक छाती फुगवून धक्क्यावर उभे. तेवढ्यात मालकाची मुलगी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता बाबा आलेले आमाला कळनार कसे?" भाऊंनी त्याच दिवशी जुना सायलेन्सर परत लावला आणि चार महिन्यांनी मागणी घातली. हे मला वहिनींनीच सांगितलं. भाऊ तेव्हा बाजूला उभे राहून उगाच पाना पुसत होते.

रोजचा त्यांचा क्रम ठरलेला होता. रेडा घाटीच्या पायथ्याशी गुरगुरला की वहिनी उठायच्या. फणसाच्या वळणावर भाऊ दुसरा गिअर टाकायचे, त्या आवाजाला वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. रेडा मांगरात दोन आचके देऊन बंद व्हायचा तेव्हा कप भरलेला असायचा.

गेल्या वर्षी वहिनींना दम लागायला लागला. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. रेड्यात बसवलं की जास्तच, म्हणून मी दोघांना माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. उतरताना वहिनींनी विचारलं, "आलो? निघालो कवा?" वाटेत त्या एकदाही खोकल्या नव्हत्या. भाऊंनी ते मनात मोजलं असावं.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. भाऊंनी सवयीने विचारलं, "आवाज कसा येतो? काढून दाखवा."

डॉक्टरांनी खडाळ-खटचा वचपा काढला नाही. त्यांनी स्टेथोस्कोपच भाऊंच्या कानात घातला. भाऊ डोळे मिटून ऐकत राहिले. इतका वेळ मी त्यांना कुठल्याही इंजिनापाशी वाकलेलं पाहिलं नव्हतं. मग कानातलं काढून त्यांनी हळूच विचारलं, "धूर?"

"घरात चूल आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"नाय. मांगर हाय. पडवीला लागून." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि बाकावर बसून राहिले. मी जाऊन शेजारी बसलो. चिडवायची सवय झालेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते.

आठवड्याभरात रेड्यावर ताडपत्री आली आणि अंगणात एक छोटी इलेक्ट्रिक गाडी. मी एक अक्षर बोललो नाही, ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी सभ्यता समजावी.

पहिल्याच दिवशी भाऊ बाजारातून आले आणि पडवीची पायरी चढले. वहिनी दचकल्या. हातातलं सूप पडलं, तांदूळ सांडले. भिंतीला हात लावत त्यांनी विचारलं, "कोण?"

संध्याकाळी भाऊ गडग्याशी आले. मला वाटलं, गाडीची तक्रार असेल.

"सर, ती मला 'कोण' म्हणाली."

"अहो, त्यांना ऐकू आलं नसेल..."

"चाळीस वर्षांत नाय विचारलंन कधी. अंधारातून आलो, पावसातून आलो, भांडून गेलेला परत आलो, तरी नाय. ऐकताव काय?" त्यांनी बोट वर केलं होतं, ते तसंच राहिलं. "माज्याच घरात. कोण म्हणे."

मी हॉर्न सुचवला. "तो काय, पाववाला पण वाजवतो." मोबाइलवर रेड्याचा आवाज भरून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "डब्यातला आवाज तिला चालतो होय?" मोबाइल लावायचा म्हणजे फणसाकडे नेमका कधी, हाही प्रश्न होताच. माझं विज्ञान तिथे संपलं. रेडा परत काढा असं काही मला म्हणवेना आणि ते तर त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पेपर वाचत होतो आणि घाटीच्या पायथ्याशी रेडा गुरगुरला. माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं होऊन या माणसाने ताडपत्री काढली? मी चार शब्द सुनावायला म्हणून रस्त्यावर आलो.

फणसाच्या वळणावरून ती छोटी इलेक्ट्रिक गाडी येत होती. काच पूर्ण खाली, भाऊंची मान बाहेर, तोंड लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ. "घर्र्र्र्र..." वळणावर त्यांनी एक क्षण श्वास घेतला, "ख्र्रक्" केलं आणि आवाज अर्धा सूर वर नेऊन चढ घेतला. त्या गाडीला गिअरच नाहीत. ते भाऊंनी स्वतः टाकले होते. मला बघूनही ते थांबले नाहीत. मी विज्ञानाचा शिक्षक, पण रेड्याला वाट द्यावी तसा गडग्याला चिकटून उभा राहिलो.

अंगणात येऊन त्यांनी रेड्याचे शेवटचे दोन आचकेसुद्धा दिले. मग धापा टाकत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

आतून वहिनींचा आवाज आला, "आज दुसरा उशिरा टाकलात."

"म्हस आडवी आली," भाऊ म्हणाले. "चहा ठेव."

"ठेवलाय कवाच. तुमी फणसाकडे होतात तेवाच."