हबीबचाचांची यादी

औशाला गारा पडल्या, असं मी एकदा हबीबचाचांना सांगितलं. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि बोलायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बोललो. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हवाला?"

हवाला म्हणजे आधार. कुणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं का, कुठं छापून आलंय का. बसमध्ये कंडक्टर बोलत होता, असं मी म्हणालो. चाचांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि पुढ्यातल्या कागदाकडे वळले. त्यांच्यापुरत्या औशाला गारा पडल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तेव्हा मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता पडल्या."

मी मूळचा उमरीचा. लातूरला रसायनशास्त्र शिकवायला आलो तो क्लासेसच्या ऐन भराच्या काळात. आमच्या रस्त्यावर तेव्हा किराणा दुकानांपेक्षा क्लास जास्त होते आणि कुणी 'सर' अशी हाक मारली की वीसेक माना वळायच्या. आमच्या क्लासमध्ये 'सर' नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे हबीबचाचा. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. सराव प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी तपासायच्या, हे त्यांचं काम. पांढरा सदरा, पायात चामडी चप्पल, हातात लाकडी फूटपट्टी. पट्टी ओळीखाली धरून ते एकेक शब्द वाचत आणि दिवसभर जागचे हलत नसत.

माझ्या एका प्रश्नाच्या चारही पर्यायांत बरोबर उत्तर नव्हतं आणि तो प्रश्न मी दोन वर्षं मुलांना घालत होतो, हे त्यांनीच काढलं. चाचांना रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी फक्त पाठ्यपुस्तक शेजारी उघडून ठेवलं होतं. मला त्यांचा चांगलाच राग आला होता, हे कबूल करतो.

राग येणारा मी एकटाच नव्हतो. एका वर्षी आमच्या मालकांनी गुणवंत मुलांच्या फोटोंचा मोठा फलक लावायचं ठरवलं. मजकूर चाचांकडे तपासायला गेला. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ही आपल्याकडं शिकली याला हवाला काय, असं विचारलं. ती आमच्याकडे फक्त एक चाचणी द्यायला आली होती. मालकांनी त्यांना समजावलं, मग दटावलं, शेवटी मुलीचा फोटो काढला. तेव्हापासून जाहिरातीचा कागद चाचांच्या टेबलावर कधी गेला नाही.

पुतण्याच्या सोयरिकीतही त्यांनी हेच केलं. उदगीरचे पाहुणे आले होते, मध्यस्थानं मुलगा इंजिनिअर असल्याचं सांगितलं. चाचांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दोन विषय राहिलेत, निकाल लागला की मगच इंजिनिअर म्हणा. भाऊ त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. चाची आम्हाला म्हणायच्या, ह्यांच्यासंगं कुठं जायचं म्हणजे पोलिसात जबानी द्यायला गेल्यावानी वाटतंय.

अशा माणसाला चारचौघांत जागा मिळणं अवघडच. चाचांना ती इंटरनेटवर मिळाली. तिथं एक भलामोठा ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावं, कुणीही खोडावं आणि पगार कुणालाच नाही. चाचांनी एकदा त्यात कंधारच्या किल्ल्याविषयी एक वाक्य घातलं. दहा मिनिटांत परदेशातल्या कुण्या अनोळखी माणसानं ते काढून टाकलं आणि खाली विचारलं, याला आधार काय? दुसरा कुणी चिडला असता. चाचा खुर्चीतून उठून मला दाखवायला आले. उलट त्यांनाच हवाला विचारणारा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

मग ते त्यात पुरते रमले. काम संपलं की दुपारी तासभर क्लासच्या संगणकावर बसत. त्यांचं इंग्रजी तहसिलीतलं होतं, त्यामुळे साध्या शेऱ्याची सुरुवातही 'वरील विषयास अनुसरून' अशा थाटात व्हायची. लेखांच्या फंदात ते फारसे पडले नाहीत. त्यांचा जीव याद्यांत. मतदारांच्या, रेशनच्या, टंचाईच्या याद्यांत त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी देशी गुरांच्या जातींची यादी हातात घेतली, देवणी आणि लाल कंधारीपाशी भक्कम आधार जोडले आणि ती 'उत्तम यादी' या दर्जासाठी मांडली.

तिथला रिवाज असा की आपली यादी मांडली की दुसऱ्या कुणाची तरी तपासून द्यायची. रांगेत सगळ्यांत जास्त दिवस पडून राहिलेली यादी कॅनडातल्या एका आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षकांची होती. तिला कुणी हात लावत नव्हतं. चाचांनी लावला.

आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा टँकर येत होता. भांडी घासलेलं पाणी आम्ही झाडांना घालत होतो. आणि चाचा फूटपट्टी पडद्याला लावून, पाण्याचा बर्फ करून त्यावर खेळणाऱ्यांच्या प्रशिक्षकांची यादी तपासत होते. बर्फ त्यांनी पाहिलेला तो कारखान्यातला, भुशात गुंडाळलेला. मैदानाला किती पाणी लागत असेल, असं त्यांनी मला विचारलं. मी अंदाजानं एक आकडा सांगितला आणि लगेच पस्तावलो, कारण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

खेळ त्यांनी एकदाच पाहिला, माझ्या मोबाइलवर, चारेक मिनिटं. चेंडू दिसत नाही, नुसती ढकलाढकली आहे, असं म्हणून मोबाइल परत दिला. खेळाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. यादी बरोबर पाहिजे होती.

यादी मांडणारी बाई तिकडच्या एका लहान गावात ग्रंथपाल होती. खरं नाव तिनं कधी सांगितलं नाही. तिच्या टोपणनावाशेजारी बदकाचं चित्र असायचं, म्हणून चाचा तिला बदकताई म्हणत. चाचांनी तिच्यापुढे शेऱ्यांची रास घातली. जिंकलेले, हरलेले आणि बरोबरीत सुटलेले सामने मिळून एकूण सामने होत नाहीत. एकाच हंगामात दोघं प्रशिक्षक कसे? एका प्रशिक्षकाचा जन्म तर त्याच्या पहिल्या सामन्यानंतरचा निघाला. बदकताई न चिडता एकेक चूक दुरुस्त करायची आणि प्रत्येक शेऱ्याखाली एकच शब्द लिहायची, "केलं." अख्ख्या नोकरीत आपल्या शेऱ्याला असं उत्तर कधी आलं नाही, असं चाचा मला म्हणाले. ते त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत बसायचे.

गाडं अडलं ते एका ओळीवर. फार जुनी गोष्ट. मुख्य प्रशिक्षक आजारी पडला आणि एका सामन्यापुरता दुसराच कुणी त्याच्या जागी उभा राहिला. यादीत त्याचं नुसतं आडनाव होतं. सामने एक. आधार म्हणून जोडलेलं पान केव्हाच बंद पडलेलं. बाकीच्या तपासनिसांचं म्हणणं सरळ होतं. आधार नाही तर ओळ काढा, यादी आजच मंजूर होईल. बदकताईही तयार झाली. राहिले होते फक्त चाचा.

मला वाटलं, हे तर त्यांचं आवडतं काम, एका फटक्यात खोडतील. चाचांनी खोडलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. दुपारी येऊन ते तेच पान उघडत आणि काही न लिहिता मिटत. इकडे प्रश्नपत्रिकाही साचायला लागल्या. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "काय चाचा, हवाला न्हाई तर माणूस न्हाई, असंच असतंय ना तुमचं?" ते हसले नाहीत. पट्टी उचलून त्यांनी दुसरीकडे ठेवली आणि थांबा म्हणाले.

मग त्यांनी बदकताईला लिहिलं. त्या काळची वर्तमानपत्रं कुठं ठेवली असतील? कुणी जाऊन बघेल का? तिनं उत्तर दिलं की शेजारच्या शहराच्या ग्रंथालयात आहेत, पण सध्या रस्त्यावर बर्फ आहे, वितळल्यावर जाईन. त्यावर एका तपासनिसानं वैतागून लिहिलं की एका सामन्याच्या माणसासाठी सगळी यादी अडवून धरण्यात काय अर्थ आहे? चाचांनी वरील विषयास अनुसरून त्याला उत्तर दिलं. त्याचा मतलब असा होता की त्या दिवशी तो तिथं उभा होता, मग यादी त्याचीही आहे.

बदकताई गेली. पुढच्या महिन्यात तिचा निरोप आला. चाचांनी मला वर्गातून बोलावून घेतलं, असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. जुन्या पेपराच्या तळाशी चार ओळींची बातमी सापडली होती. तो माणूस मैदानावरचा बर्फ साफ करणारा कामगार होता. पूर्ण नावही होतं. चाचांनी ते नाव उभं राहून मोठ्यानं वाचलं. उच्चार बरोबर होता की नाही, ते त्या माणसाच्या आईलाच ठाऊक. ओळ पूर्ण झाली, चाचांनी मान्यतेचा शेरा लिहिला आणि दोन दिवसांनी यादी मंजूर झाली.

मी चहा मागवला. मुलं चाचणीला बसली होती, त्यामुळे इमारत शांत होती. मी अभिनंदन केलं. चाचांनी चहाला हात लावला नाही. ते बोलायला लागले, ते भूकंपाबद्दल.

भूकंपानंतर तिसऱ्याच दिवशी त्यांना एका गावात पाठवलं होतं. ताडपत्रीखाली टेबल मांडून गेलेल्यांची यादी करायची. रेशन कार्डात नाव पाहिजे, नाहीतर मतदार यादीत पाहिजे, तेही नसेल तर गावातल्या दोघांची साक्ष. चाचांनी शेकडो नावं लिहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी देवणी गावाकडचा एक माणूस आला. त्याची विधवा बहीण, शेवंता, त्या गावात एका घरी भाकरी थापायला राहिली होती. सासरच्या कार्डातून तिचं नाव नवरा गेल्यावर कमी केलेलं. माहेरच्या कार्डात परत चढवलेलं नाही. ती ज्या घरी राहायची, त्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं.

"मी नाव लिहिलं," चाचा म्हणाले, "आन त्याला हवाला मागितला. तो म्हणला, साहेब, मीच हाय की. मी तिचा भाऊ हाय. मला काय नको, नुसतं नाव लिवा. मी म्हणलो, भाऊ चालत न्हाई, गावचे दोन माणसं आण. गाव कुठं होतं सर तिथं? दिवस मावळस्तोवर समोर बसला बिचारा. मग उठून गेला. मी नाव खोडलं."

तरी मी विचारलंच, कारण माझा स्वभाव तसा आहे. म्हणालो, "मग चाचा, एवढं मनाला लागलं असताना दुनियेला हवाला कशाला मागत फिरता?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "सगळ्यालाच मागतो सर. म्हणजे त्या एकट्यालाच मागितला, असं होत न्हाई."

या माणसाला आम्ही दहा वर्षं चक्रम समजत होतो, मागून त्यांच्या नकला करत होतो, त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. मला माझी लाज वाटली.

चहा गार झाला होता. चाचा म्हणाले, "सर, तुम्ही दिवाळी अंकात लिहायलाव म्हणं. माझ्यावर कायबी लिवा, हसवा लोकाला, माझी ना न्हाई. पण तिचं नाव घाला त्यात. एकदा छापून आलं की कुणाला खोडता येत न्हाई."

मी म्हणालो, चाचा, माझ्याकडे तरी पुरावा काय आहे? तुमचा शब्द फक्त. चाचांनी मान हलवली. तेवढ्यावर चालवून घ्या म्हणाले. असं ते आयुष्यात कुणाला म्हणाले नसतील.

तेव्हा लिहितो. तिचं नाव शेवंता. माहेर देवणीकडचं. भूकंप झाला तेव्हा ती त्या गावात होती. तिच्या भावाचं नाव चाचांना सांगता आलं नाही, कारण ते त्यांनी त्या दिवशी विचारलंच नव्हतं.