पडद्याकडे पाठ

सोनावणे काका सिनेमाला पडद्याकडे पाठ करून बसायचे. चेष्टेनं नव्हे, चुकूनही नव्हे. निळं प्लास्टिकचं स्टूल पडद्याखाली ठेवायचे, आमच्याकडे तोंड करायचे, मांडीवर हात ठेवायचे आणि दोन-सव्वादोन तास आम्हाला बघायचे. सिनेमा आम्ही बघायचो.

आमचं मंडळ कोपरचं. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, बुद्धविहाराच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस माणसं जमायचो. गाणी नाहीत, मारामारी नाही, बरेचदा गोष्टही नाही, असे सिनेमे. ते काका निवडायचे. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर माझ्याकडे असायचा. मी प्रधान, ठाण्यात एका कचेरीत हेडक्लार्क. फार बोलणारा माणूस नाही. म्हणून तर हे सांगायला मला इतका वेळ लागला.

काकांचे नियम कडक होते. सिनेमा संपल्यावर शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. कुरकुरीत काही आणायचं नाही, कारण "वेफर तुम्ही खाता, पण ऐकावा सगळ्यांना लागतो." केळं चालेल. त्यामुळे केळं हा आमच्या मंडळाचा अधिकृत खाऊ झाला. जगातले मोठमोठे दुःखाचे सिनेमे आम्ही केळी सोलत बघितलेत.

नोकरी त्यांनी कल्याण यार्डात केली. मालगाडीच्या डब्यांखाली वाकून लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकायचं आणि ऐकायचं. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं. तडा असेल तर बद्द. बद्द वाजलं की डबा बाजूला. खणखणीत असेल तर हात वर करून म्हणायचं, "जाऊ द्या गाडी." तीस वर्षं हे केल्यावर माणसाला ठोकायची सवय लागते. काका कलिंगड ठोकायचे, ते सगळेच ठोकतात. पण ते सिलिंडर ठोकायचे, नवीन दरवाजा ठोकायचे, फर्निचरच्या दुकानात तर त्यांना बघितलं की मालक बाहेर यायचा. मंडळातल्या मंदाताईंच्या जावयाला पहिल्यांदा भेटले तेव्हा हात मिळवला, पाठीवर दोन बोटांनी टकटक केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "खणखणीत आहे." जावई अजून ते लोकांना सांगतो.

मला त्यांनी ओळख झाली त्याच दिवशी ठोकलं होतं. खांद्यावर. मी विचारलं, "काय निकाल?"

"नंतर सांगतो."

सहा वर्षं झाली तरी त्यांनी सांगितलं नव्हतं.

आणखी एक सवय होती. बाजूनं कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत. "असं तिरकं बोलू नका. समोर या, तोंड दाखवा, मग बोला." आम्हाला वाटायचं, रेल्वेतला जुना माणूस, थोडा ताठा असणार.

एके दिवशी काका माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन आले. दोन हातांत धरून, प्रसाद आणतात तसा. पुष्कळ वर्षं ते एक सिनेमा शोधत होते. तरुणपणी ठाण्यात एका सकाळच्या खेळाला एकदाच बघितलेला. नाव लांबलचक होतं. आम्ही पुढे त्याला नुसतं 'मिठाचा सिनेमा' म्हणायला लागलो. कुणाच्या तरी ओळखीनं कुठल्या तरी संग्रहातून त्याची प्रत आली होती.

"तुम्ही बघितलात?" मी समोर जाऊन विचारलं.

"छे. एकट्यानं बघायचा नाही तो. तुम्ही नीट चालतो का तपासा फक्त. आणि प्रधान, मध्ये ती बाई मीठ ओढते. त्याचं संगीत... जाऊ दे. त्या दिवशी कळेल."

मी घरी लावून बघितला. मिठागरावरची एक झोपडी, एक बाई, तिचा नवरा. संवाद जवळपास नाहीतच. नवरा होडीत बसून जातो. त्यानंतर ती बाई लाकडी फळ्यानं मीठ ओढते. ओढते, ढीग करते, परत मागे जाते, परत ओढते. कॅमेरा हलत नाही. दुसरं काही घडत नाही. मी घड्याळ लावलं. नऊ मिनिटं.

खरं सांगतो, मी ती नऊ मिनिटं ऐकलीच नाहीत. आवाज बारीक करून ठेवला होता आणि मटारच्या शेंगा सोलत होतो. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मागच्या महिन्याच्या सिनेमाला मध्येच अकरा माणसं उठून गेली आणि काकांचा चेहरा बघवेना. शिवाय या वेळी साडेबाराला हॉलमध्ये एका बाळाचं नामकरण होतं. मंडळी बाराच्या आतच फुगे घेऊन हजर होणार. मी विचार केला, बाई मीठ ओढतेय हे लोकांना एका मिनिटात कळतं. उरलेलं कशाला? ऑफिसातही मी लांबलेले मसुदे असेच छाटतो, आणि साहेब खूश असतात.

एक मिनिट तरी ठेवायचं, तर तेही जोडाला नीट बसेना. शेवटी लॅपटॉपवर उतरवलेल्या प्रतीतून सगळंच काढलं. नवरा जातो आणि लगेच पाऊस येतो. जोड बेमालूम झाला. मला थोडा अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

त्या रविवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खेळ सुरू झाला. पहिल्यांदा कुरकुर केली ती भोईरनं. हा कोपर गावातला मूळचा माणूस, 'ओढला'ला 'वरला' म्हणणारा. "माजे आजीनी जलमभर मीठ वरला काका, तिला कोन बघाला नाय आला!" सगळे हसले. काकाही हसले आणि म्हणाले, "म्हणून तर आज बघायचंय, भोईर."

होडी निघाली तेव्हा काकांनी एकदाच मान वळवून पडद्याकडे बघितलं. खात्री करून घेतली. मग पुन्हा आमच्याकडे वळले, स्टूल थोडं पुढे ओढलं आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघायला लागले. एकेकाच्या. मंदाताई, भोईर, मागच्या रांगेतले दोघं कॉलेजचे, मग मी. परत मंदाताई. यार्डात एकेक चाक बघत जावं तसे. मंदाताई केळं सोलत होत्या. भोईर जांभई देत होता. काका पुढे वाकले, आणखी वाकले. मग हळूहळू सरळ झाले.

सिनेमा नऊ मिनिटं आधी संपला. कुणी उठून गेलं नव्हतं. टाळ्याही झाल्या. मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ती मीठ ओढते, ते झालं?"

मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं.

"झालं," मी म्हणालो.

"सगळं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि स्टूल जागेवर ठेवून आले.

पुढच्या महिन्यात त्यांनी हॉलची किल्ली माझ्या हातात दिली. "आता विसरायला होतं हो. काही भलतंच आठवतं. तुम्ही चालवा." पेन ड्राइव्ह परत देऊ लागलो तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच." महिन्याभरात ते खडवलीला लेकीकडे राहायला गेले. मी मंडळ चालवलं नाही. किल्ली कपाटात, पेन ड्राइव्हशेजारी. कपाट उघडलं की दोन्ही दिसायची, म्हणून मी शर्ट बाहेर खुर्चीवर ठेवायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, कपाट काय शोभेला आणलंय?"

आठ महिन्यांनी त्यांच्या मुलीची, उज्ज्वलाची, कल्याणला बाजारात गाठ पडली. काका कसे आहेत विचारलं.

"बरे आहेत म्हणायचं. गप्प असतात. परवा कलिंगड आणलं तर ठोकलंसुद्धा नाही." मग म्हणाली, "प्रधानकाका, एक विचारू? त्या मिठाच्या सिनेमात खरंच काही नव्हतं का हो? आप्पा सारखं विचारतात, 'उज्ज्वला, मीच मनानं लावलं असेल का गं?' त्यांना तर ऐकू येत नाही, कुणाला विचारणार."

"ऐकू येत नाही?"

"तुम्हाला माहीत नाही? सहा-सात वर्षं झाली. वयानं गेले कान. ओठ बघून कळतं त्यांना. तुम्हाला कुणाला सांगू नको म्हणाले, सिनेमे निवडायला देणार नाहीत म्हणून."

सहा वर्षं तो माणूस आमच्या तोंडाकडे बघून संगीत ऐकत होता.

पुढच्या रविवारी सकाळी लॅपटॉप आणि तो पेन ड्राइव्ह घेऊन खडवलीला गेलो. घराच्या ओट्यावर काका बसले होते. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी काकूंचा, शांताबाईंचा फोटो. काकूंना मी कधी बघितलं नव्हतं. रुंद कपाळ, किंचित पुढे आलेली हनुवटी. चहा घेऊन उज्ज्वला आली आणि तिच्या चेहऱ्यात मला तो फोटो दुसऱ्यांदा दिसला.

मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसलो. तोंड दाखवून बोललो. रस्ताभर जुळवलेली वाक्यं एकही आली नाहीत.

"काका, मी ते कापलं होतं. बाई मीठ ओढते ते. लोक उठून जातील म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं, कळलं नाही. परत सांगावं लागणार.

"म्हणजे आहे," ते म्हणाले.

"काय?"

"आहे ते सिनेमात. मी मनानं लावलेलं नाही." मग उज्ज्वलाकडे वळून मोठ्यानं, "आहे गं! यांनी कापलं होतं!" जणू मी काहीतरी शोधूनच आणलं होतं. ओरडा बसला तो नंतर, आणि मला त्यानं बरं वाटलं. "अहो प्रधान, चाक बद्द वाजलं तर डबा बाजूला घेतात. तुम्ही खणखणीत चाक काढून घेतलंत आणि गाडी सोडलीत! हेडक्लार्क आहात का कोण आहात?"

मग म्हणाले, "लावा."

त्यांनी आपली खुर्ची उचलली, लॅपटॉपकडे पाठ केली आणि माझ्यासमोर बसले.

मी आवाज पूर्ण वाढवला. बाई मीठ ओढायला लागली. फळ्याची खरखर, तेवढंच. कितीतरी वेळ तेवढंच. मग माझ्या लक्षात आलं की त्या खरखरीखाली एक तार वाजतेय. कधी सुरू झाली कळलं नाही. चाल नव्हती, एकच सूर होता, पण बाई मागे गेली की तो खाली यायचा आणि फळा ओढला की वर जायचा. पुढेपुढे फळा कुठला आणि तार कुठली हे कळेना. एवढ्या वेळात ती बाई एकदाही रडली नाही. शेवटी तार थांबली. नुसती खरखर उरली, पहिल्यासारखीच. आणि तेव्हा कळलं, इतका वेळ कोण रडत होतं.

मी तोंड घट्ट मिटून बसलो. समोरून कुणी बघत असताना माणसानं दुसरं काय करावं?

"अस्सं," काका हळूच म्हणाले. "ती पण तोंड असंच मिटून बसली होती. शांता. एरवी माझ्या असल्या सिनेमांना झोपायची. त्या दिवशी मला वाटलं, झोपली का बघू, म्हणून वळलो. मग पडद्याकडे बघितलंच नाही. सबंध नऊ मिनिटं मी तिच्याकडे बघत होतो. ती गेली, कान गेले. मला ते एकदा कुणाच्या तरी तोंडावर बघायचं होतं, बस."

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं. जुन्या सवयीनं मान कलती केली. तळवा तिथेच थोडा वेळ ठेवला.

"बद्द वाजतंय," ते म्हणाले. मग हात थोडा वर केला. "जाऊ द्या गाडी."

यार्डातल्या तीस वर्षांत त्यांनी बद्द चाक कधी पुढे सोडलं नव्हतं.

उज्ज्वला कप उचलायला आली होती. काकांनी तिला मनगटाला धरून माझ्या शेजारी बसवलं. "परत लावा, प्रधान. हिनं ऐकलेलं नाही."

मी होडीपासून लावला. काकांनी खुर्ची थोडी सरकवली, लेकीच्या अगदी समोर, आणि मांडीवर हात ठेवून वाट बघत बसले.