हेन्री घरी कधी पोचणार?

"बाई, रोजच धुकं असलं तर माणसं कपडे कुठे वाळत घालत असतील हो?"

मे महिन्याची भर दुपार. बहात्तरचा दुष्काळ लांबत लांबत पुढच्या उन्हाळ्यात शिरला होता. नळाला पाणी नाही म्हणून मी रिकामी बादली घेऊन ओट्यावर बसलेले, आणि शेजारचे गुंजाळसर मला धुक्याचं विचारतायत!

"आधी धुवायला पाणी आणा, मग वाळत कुठे घालायचे ते सांगते," मी म्हटलं.

"इथलं नाही हो. तिकडचं."

तिकडचं म्हणजे इंग्लंडचं. गुंजाळसर संगमनेरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मी कन्याशाळेत मराठी. दोन्ही घरांना मिळून एकच ओटा, त्यामुळे ते काय लिहितात हे मला कळल्याशिवाय राहायचंच नाही. ते इंग्रजीत कादंबरी लिहीत होते. नायक हेन्री. गाव इंग्लंडातलं. सर स्वतः पुण्याच्या पलीकडे गेलेले नव्हते.

आता हेन्रीच का, हे मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. "अहो, तुम्ही पठारावरच्या खेड्यातले. वडील शेती करतात. तुमच्या गावावर लिहा की!"

सरांनी चष्मा काढला, धोतराला पुसला. हो, धोतर. कॉलेजातली पँट घरी आल्या आल्या खुंटीवर जायची. "बाई, मी एवढ्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या. त्यांत आपल्यासारखा माणूस मला भेटतो तो कुठे? एक तर साहेबाचा पंखा ओढत असतो, नाहीतर ट्रंक उचलत असतो. त्याला आई नसते, घर नसतं, कधी कधी नावसुद्धा नसतं. इंग्रजीत घरदार असायचं तर माणूस इंग्रजच लागतो."

मी पुन्हा गावाचा विषय काढला नाही. हे माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर बसून लिहिलेलं वाचून दाखवायचे. मला जमेल तेवढं इंग्रजी कळायचं, अडलं की ते मराठीत सांगायचे. खरं सांगू? मी पावसासाठी जायचे. इथे प्रवरा कोरडी ठाक, आणि त्यांच्या कादंबरीत पहिल्या पानापासून पाऊस धो धो पडतोय. नुसतं ऐकूनही बरं वाटायचं.

पण माझ्या जिभेला हाड नाही. हेन्री घरात शिरताना बूट दाराबाहेर काढायचा. पाद्रीसाहेब बशीत ओतून चहा प्यायचे. आणि हेन्रीची आई! परका माणूस दिसला की ती टोपी कपाळावर ओढून घ्यायची, सगळ्यांची जेवणं झाल्यावर मग जेवायची. हेन्री शिकायला लंडनला निघाला तेव्हा तिने त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली.

"अहो सर, इंग्रज बाई दहीसाखर देते का?"

ते एवढे ओशाळले! "तिकडे असं नसतं, नाही का," असं पुटपुटत त्यांनी दही खोडलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर आईने हेन्रीच्या हातावर चीज ठेवलं होतं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

'तिकडे असं नसतं' हा त्यांचा मंत्रच होता. दिवसातून दहादा तरी स्वतःला बजावायचे.

कादंबरी मात्र एका जागी अडून बसली होती. आई तापाने आजारी, लवकर ये, अशी तार हेन्रीला लंडनमध्ये येते आणि तो निघतो. निघाला तो निघालाच! कधी पुराने पूल वाहून जातो, कधी गाडीचा आस मोडतो, कधी धुक्यात रस्ता चुकतो. आणि तिकडे त्याची आई रोज संध्याकाळी पावसात फाटकाशी येऊन उभी. दोन वर्षं हेच चाललेलं.

"आता पोचवा की त्याला," मी वैतागून म्हणायचे. "त्यापेक्षा आमची एसटी बरी!"

"पोचवायचंय हो. पण पेन पुढे सरकत नाही," म्हणून ते पेनाला टोपण लावायचे. मला वाटायचं, माणूस आळशी आहे.

त्याच महिन्यात त्यांचे वडील पठारावरून आले. नाना. शेतात काही उरलं नव्हतं, खडी फोडायच्या कामावर जाऊन खोकला धरलेला, म्हणून सरांनीच बोलावून घेतलं. खांद्यावर घोंगडी, मेच्या उन्हातसुद्धा. संध्याकाळी सर वाचायला बसले तर नाना भिंतीला टेकून म्हणाले, "आमाला बी सांग की, दत्तू. काय लिव्हतो रोज?"

सर अवघडले. मग त्यांच्या गावच्या बोलीत सांगू लागले. इंग्रजीतलं सगळं एकदम वेगळंच वाटायला लागलं. पाऊस आला तेव्हा नाना म्हणाले, "बेस हाय. तिकडं तरी पडतोय." फाटकाशी उभी असलेली आई आली तेव्हा मात्र ते ताठ बसले.

"ही तर तुजी आई हाय."

"न्हाई नाना, ती इंग्रज..."

"मला वळखू येत न्हाई व्हय?" नाना खोकले. मग हळूच म्हणाले, "ताप हुता ना तिला? मग येवढ्या पावसात कशाला हुबी केली रं? तिला थंडी सोसत न्हवती."

सर खाली मान घालून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी एम.ए.ला पुण्याला होतो, बाई. तार मिळाली, पण परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन निघालो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं."

दोन वर्षं मी या माणसाला एसटीवरून चिडवत होते!

नानांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "झालं ते झालं. आता त्या पोराला घरी आन. आन् तिला आत घे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी नवीन पान वाचलं. हेन्री पोचला होता. बूट दाराबाहेर काढून आत गेला. आई चुलीपाशी बसलेली. त्याने तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि तिने जेवलास का म्हणून विचारलं. सगळं इंग्रजीत. फक्त पांघरुणाच्या जागी एक शब्द आला आणि माझे कान टवकारले. मी वाकून पाहिलं. इंग्रजी अक्षरांत त्यांनी 'घोंगडी' लिहिलं होतं.

नाना आत झोपले होते. माझी जीभ सवयीने वळवळली.

"सर, तिकडे घोंगडी असते का हो?"

त्यांनी पान नीट घडी घालून ठेवलं. डोळे पुसले, तेही धोतरालाच.

"आता असते, बाई."