वाघजाईचा आंबा आडवा झाला

आंबा खानावळीवर पडला तेव्हा नंदा आत नव्हती, एवढी एकच गोष्ट त्या गुरुवारी तिच्या बाजूने घडली. मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळीव आडवातिडवा कोसळत होता आणि ती समोरच्या खुराड्यावर ताडपत्री बांधत होती. मागे कडाड् झालं. तिने वळून पाहिलं तर देवराईच्या कडेचा जुना आंबा मुळांसकट उपटून, कुंपण ओलांडून तिच्या स्वयंपाकघरावर आडवा झाला होता. पत्रे दबले होते, दार फांद्यांनी बुजलं होतं. 'नंदाची चूल : गावरान कोंबडी, तांदळाची भाकरी' हा बोर्ड तेवढा जागेवर होता. त्याच्याखाली आता चूल नव्हती, फक्त आंबा होता.

"आता गं बया!" नंदा म्हणाली आणि पावसातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रडायला वेळ नव्हता. रविवारी दुपारी पुण्याच्या एका कंपनीची चाळीस माणसं जेवायला यायची होती. अर्धे पैसे त्यांनी आगाऊ दिले होते आणि त्या पैशांच्या कोंबड्या समोरच्या खुराड्यात ओरडत होत्या. ही पंगत नीट झाली तर कंपनी दर महिन्याला येणार होती. नाही झाली, तर रस्त्यावर पुढे स्विमिंग पूलवाली तीन रिसॉर्टं टपून बसलेलीच होती.

शुक्रवारी सकाळी पौडहून अन्वर आला. त्याची लाकडाची वखार होती आणि पडलेली झाडं तोडायचं कामही तो घ्यायचा. त्याने आंब्याला एक फेरी मारली, बुंध्यावर थाप दिली आणि सुस्कारा सोडला.

"नंदाताई, हा आंबा शेतातला असता ना, तर मी एक पैसा घेतला नसता. लाकडाचं उलट मीच तुमाला दिलं असतं."

"मग न्या की! मी कुटं नगं म्हंते?"

"देवराईचं लाकूड?" अन्वरने कानाला हात लावला. "आमच्या अब्बांच्या वखारीत देवराईची काटकी आली न्हाई. माझ्या बी येणार न्हाई. ह्या आंब्याचे तुकडे करायचे, क्रेन लावायची आन उचलून परत देवराईतच ठेवायचा. म्हंजी मेहनत सगळी, लाकूड शून्य. रविवारच्या आत पाहिजे तर तीस हजार."

"तीस? अवो, झाड पाडायचं न्हाई, पडलंय ते!"

"पडलेलंच महाग असतंय, ताई. पुढच्या आठवड्यात करायचं तर निम्म्यात करतो. घाईचेच पैसे असत्यात. आन एक, देवीचा कौल घ्या आधी. माझी पोरं त्याशिवाय करवत लावायची न्हाईत."

गावाचा नियम सगळ्यांना पाठ होता. वाघजाईच्या देवराईतलं वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. लाकूड वापरायचं ते फक्त आईच्या कामाला. हा नियम पाळण्यात गाव कडक होतं. फक्त कुंपणावरून नंदाच्या परड्यात लोंबणाऱ्या याच आंब्याच्या फांदीच्या कैऱ्यांकडे सगळे काणाडोळा करत. त्या कैऱ्यांचं लोणचं नंदा दर उन्हाळ्यात बरण्यांत भरायची आणि पुण्याचे पाहुणे बोटं चाटत विकत न्यायचे.

नंदा तडक अण्णासाहेबांकडे गेली. अण्णासाहेब देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. दानपेटीची किल्ली करगोट्याला बांधून झोपणारा माणूस.

"अण्णा, आईचा आंबा माझ्या चुलीवर पडलाय. कमिटीनं उचलावा."

अण्णासाहेबांनी चहा बशीत ओतला. "कमिटीनं पाडला का?"

"झाड कुणाचं?"

"आईचं."

"मग खर्च कुणाचा?"

"तुझा. तुझ्यावर पडलंय." त्यांनी बशी तोंडाला लावली. "उद्या विमान पडलं तुझ्यावर, तर विमानवाल्याला क्रेन मागशील व्हय?"

"मागीन की! सोडीन व्हय?" नंदा म्हणाली. "दानपेटी भरताना झाड आईचं, आन उचलताना माझं? असला हिसाब मी चालू द्यायची न्हाई. एक रुपया देणार न्हाई मी. कौल लावा. काय ते आईच सांगंल."

कौलाला अण्णासाहेब नाही म्हणू शकत नव्हते. आईला विचारू नका असं कमिटीचा अध्यक्ष कोणत्या तोंडाने सांगणार?

शनिवारी सकाळी निम्मं गाव देवराईतल्या देवळात जमलं. देऊळ म्हणजे दगडी चौथरा, त्यावर शेंदूर फासलेला तांदळा म्हणजे आईचा बिनचेहऱ्याचा दगड, वर पत्रा आणि बाजू उघड्या. तांदळ्याच्या उजवी-डावीकडे चौथऱ्याला लागूनच जत्रेच्या स्वयंपाकाच्या दगडी चुली. पायाशी दानपेटी, पेटीवर क्यूआर कोड आणि शेजारी पैसे आले की ओरडणारी डबी. ही डबी अण्णासाहेबांनी मागच्या वर्षी आणली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

नरहरी गुरवाने मोगऱ्याच्या दोन ओल्या कळ्या तांदळ्याच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"इचार, नंदा," नरहरी म्हणाला. "सोपं इचार. आई म्हातारी हाय."

नंदाने पदर खोचला आणि हात जोडले. "आई, तू बी बाई, मी बी बाई. खरं सांग. हा आंबा तुझा हाय का? असंल तर उजवी दे."

अण्णासाहेबांनी मान डोलावली. मग ती मधेच थांबली. उजवी पडली तर झाड आईचं, म्हणजे खर्च कमिटीचा. डावी पडली तर झाड आईचं नाहीच, म्हणजे नियम संपला. अन्वर लाकूड घेऊन जाणार आणि वर नंदाला पैसे देणार.

"ए, ए! प्रश्न बदल!" ते ओरडले. "नंदाला तोडायची परवानगी हाय का, असं इचारायचं असतं!"

"आता कसं बदलणार?" नरहरी म्हणाला. "कानावर गेलं आईच्या."

सगळे कळ्यांकडे बघत बसले. वारा पडला होता, हवा दमट होती. कळ्या हलेनात. नरहरीने घंटा वाजवली. कोणी खोकलं तर लोक त्याच्याकडे रागाने बघू लागले. म्हाताऱ्या बायका उठून घरी जाऊन, भाकऱ्या टाकून परत आल्या, तरी दोन्ही कळ्या जिथल्या तिथे.

"आई इचार करतीया," अण्णासाहेब खुशीत म्हणाले. "करू दे. लावलेला कौल काढता येत न्हाई. पडंल तवा पडंल. जत्रेपर्यंत बी लागंल."

नंदाचा फोन वाजला. कंपनीतली सोनिया होती.

"मावशी, उद्याचं कन्फर्म ना? आमचे सर स्पेशली येणारेत. लास्ट मोमेंटला काही इश्यू नको हं."

"कसला इश्यू? या तुमी," नंदा म्हणाली. "उद्या चूल मोठी असणार हाय."

फोन ठेवून ती अण्णासाहेबांकडे वळली. "आई इचार करू दे निवांत. तवर माझं बिऱ्हाड हितं. माझी चूल आईच्या झाडानं बंद केली, म्हणून मी आईच्या चुली पेटवणार."

"देवळात खानावळ? भलतंच!"

"खानावळ कुटं? निवद हाय. पयलं ताट आईचं. आईला कोंबडं चालतं का न्हाई, नरहरीकाका?"

"लई आवडतं," नरहरी म्हणाला. निवदातला वाटा गुरवाचा असतो आणि जत्रेला अजून बरेच महिने होते.

"आन आईच्या निवदाला आईचं लाकूड चालतं का न्हाई?"

चालत होतं. जत्रेला दरवर्षी चालत होतं, आणि पहिली कुऱ्हाड मान म्हणून अण्णासाहेबच मारत होते.

"पर वाळलेलं," अण्णासाहेब म्हणाले. "वली फांदी न्हाई तोडायची."

"त्याला वाळलेल्या फांद्या काय कमी हायेत? म्हातारं झाड हाय," मागून सावळा धनगर म्हणाला. "दारापुढं तर समदं वाळकंच पडलंय. वला पाला व्हता, तो माझ्या शेळ्यांनी काल सांजच्यालाच साफ केला."

"शेळ्यांनी? कौल न घेता?"

"शेळीला कुटं कौल कळतोय, अण्णा?"

आईच्या निवदाचं लाकूड म्हटल्यावर गावातल्या कुऱ्हाडी आपोआप बाहेर आल्या. दोन दिवस ज्या झाडाला कोणी बोट लावलं नव्हतं, त्याच्या वाळक्या फांद्या दुपारपर्यंत देवळामागे रचल्या गेल्या. बुंधा पत्र्यावर तसाच होता, पण दार मोकळं झालं. नंदा वाकून आत शिरली आणि परात, पातेली, मसाल्याचे डबे असं सगळं ओढून बाहेर आली. अन्वरला फोन करून ती म्हणाली, "घाई संपली, भाई. पुढच्या आठवड्यात या. निम्म्यात."

"पैसे कोण देणार?"

"आई इचार करतीया," नंदा म्हणाली.

रविवारची पंगत अशी झाली की रिसॉर्टवाल्यांनी ऐकावी. देवराईची सावली, चुलीचा धूर, उजवीकडे रस्सा, डावीकडे इंद्रायणीचा भात. पहिलं ताट आईपुढे गेलं, तिथून नरहरीपुढे गेलं. कंपनीचे सर मांडी घालून बसले आणि चौथी भाकरी घेताना म्हणाले, "सोनिया, धिस इज इट. दर महिन्याला इथेच."

जेवणं आटोपली. उरलेले पैसे ज्याचे त्याने द्यायचे ठरलं होतं, म्हणून सगळे मोबाईल काढून नंदाभोवती गोळा झाले. नंदा कोड लावलेली पाटी पदराने पुसू लागली, तेवढ्यात अण्णासाहेब उभे राहिले. धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले.

"पाव्हणं, पैसं आत ठेवा. आईच्या चुलीवर, आईच्या लाकडावर शिजलं, पयलं ताट आईनं खाल्लं. हा प्रसाद हाय. आमच्या गावात प्रसाद इकत न्हाईत."

नंदाच्या हातातली पाटी हातातच राहिली. निवद हा शब्द काल तिनेच काढला होता, सगळ्या गावासमोर.

"ओ माय गॉड, सो स्वीट!" सोनिया म्हणाली. "पण काका, आम्हाला काहीतरी द्यायचंय."

"मग आईला द्या." अण्णासाहेबांनी पेटीवरचा क्यूआर कोड रुमालाने पुसला. "ज्याची जशी श्रद्धा."

श्रद्धा बरोबर ताटाच्या उरलेल्या रकमेइतकी निघाली. "चारशे रुपये प्राप्त झाले," डबी ओरडली. मग पुन्हा चारशे, पुन्हा चारशे. सरांची श्रद्धा दोन हजारांची होती. नंदा एकेक आकडा ऐकत होती आणि प्रत्येक आकड्याला अण्णासाहेब आईकडे बघून हात जोडत होते. गाडी निघून गेली तेव्हा डबीने नंदाच्या पंगतीचे उरलेले सगळे पैसे आणि वर सरांची बक्षिसी, अख्ख्या गावाच्या साक्षीने कमिटीच्या खात्यात टाकली होती.

"नाराज होऊ नगंस, नंदे," अण्णासाहेब म्हणाले. "पुण्य लागलं तुला."

नंदाने डबीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग वर तांदळ्याकडे पाहिलं. दोन्ही कळ्या अजून जागेवर होत्या. डावीकडची चूल तिने पाणी मारून विझवली. उजवीकडच्या चुलीत आंब्याचं चांगलं जाड लाकूड सारलं, वर मोठा हंडा चढवला आणि फुंकणी घेऊन बसली. स्वयंपाकाला ठेवला होता त्याहून मोठा जाळ चौथऱ्याच्या वर आला.

"एवढं पाणी कशाला?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"चाळीस ताटं हायेत, अण्णा. खरकटी. तेलकट."

हंडा खदखदू लागला. नरहरी खांबाला टेकून पेंगत होता, अण्णासाहेब मोबाईलवर खात्यातली रक्कम परत परत बघत होते. नंदा तेवढी वर बघत होती. उजव्या खांद्यावरची कळी आधी कडेने सुकली, मग आक्रसली, मग जरा कलली आणि टप्पकन डबीवर पडली.

"उजवी!" नरहरी दचकून उठला आणि त्याने घंटेचा दोर धरला. "उजवी पडली! आंबा आईचा! आंबा आईचाच हाय हो!"

घंटा ऐकून लोक धावत आले. सावळा आला, कालच्या म्हाताऱ्या आल्या. सगळ्यांनी कळी पाहिली, मग सगळ्यांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं.

नंदाने आईपुढे डोकं टेकवलं आणि उठून पदर झटकला. "ऐकलंत न्हवं, अण्णा? झाड आईचं. आता आईकडं पैसं बी हायेत, डबीच सांगतीया. अन्वरभाईला फोन लावा. आन माझे पत्रे मोडलेत, ते बी बघा त्यातच."

अण्णासाहेबांनी मोबाईल खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. गाव हटायला तयार नव्हतं. शेवटी त्यांनी अन्वरचा नंबर लावला. बोलणं झालं, दिवस ठरला. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तरतरी आली.

"एक मिनिट, नंदे. आंबा आईचा, हे आता ठरलं."

"ठरलं."

"मंग कैऱ्या बी आईच्याच. आन तू इतकी वरसं त्यांचं लोणचं इकलंस. त्या बरण्यांचे पैसं कुणाचे? नरहरी, उठ. दोन कळ्या आण."

नरहरीने नंदाकडे पाहिलं. नंदाने पदर परत खोचला आणि चुलीपुढे बसली.

"लावा की," ती म्हणाली. "मी जाळ घालते."