जांभईला भिणारे रशीदचाचा

केजच्या स्टँडवर जीपमध्ये बसण्याआधी रशीदचाचा भाडं विचारत नाहीत. खिडकीशी जाऊन ड्रायव्हरचे डोळे बघतात. "झोप झाली का, बे?" ड्रायव्हर हसला की यांचा संशय वाढतो. एकदा चौसाळ्याला जाताना ड्रायव्हरनं नुसती जांभई दिली, तर चाचांनी जीप थांबवली, त्याला तोंड धुवायला लावलं, चहा पाजला. तोवर आम्ही सगळे पॅसेंजर उन्हात उभे.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून. इंजिनाला चाचा कधीच भ्याले नाहीत. ही भीती आली मुलीमुळं. शबाना विमान चालवते. एकदा फोनवर ती सहज बोलून गेली, "अब्बा, पायलट कमी पडतात. लई जण सोडून गेले. आज पहाटे उडायचं, परवा रात्रभर. काल उतरताना डोळाच लागत होता." ती हसत होती. चाचांचा घास हातातच राहिला.

तेव्हापासून वरून विमान गेलं की ते काम थांबवतात, आवाज विरेपर्यंत.

"आपली शबाना इकडून जात नाही, चाचा."

"कुणाची तरी असंलच की."

गेल्या उन्हाळ्यात हॉटेलातल्या टीव्हीवर बातमी आली. एक विमान उतरताना धावपट्टी सोडून गेलं होतं. शबाना जिथं नोकरीला, तेच शहर. चाचांनी फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"बापू, तू लाव. माझ्या हातानं लागंना."

मीही लावत राहिलो. चाचांच्या ओठांवर दुआ होती. शेवटी फोन वाजला तेव्हा तो उचलायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

वाजत राहिला, मग चाचांनीच उचलला. शबानाच होती. ते विमान तिचं नव्हतं. "लई थकलेय, उडवणार नाही" असं सकाळी कंपनीला सांगून, फोन बंद करून ती झोपली होती.

"साहेब भडकलेत, अब्बा. नोकरी जाईल. रागावलात?"

"कावून रागावू, बेटा? तू जमिनीवर हायेस न्हवं?"

नोकरी गेली नाही. तिला काढून विमान उडवणार कोण? ताकीद मिळाली आणि थोडी रजा.

शबाना केजला आली आणि भरदुपारी झोपली. घर गॅरेजच्या मागंच. चाचांनी शटर ओढलं आणि गल्लीत निघाले. वेल्डर दत्तूला हात जोडले, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर बंद करवला, फळवाल्याला ओरडू दिलं नाही. मग दारात स्टूल टाकून बसले.

उन्हं कलल्यावर शबाना डोळे चोळत बाहेर आली. "अब्बा, गल्ली एवढी गप कावून?"

"जुम्मा हाय, बेटा. समदे नमाजला गेलेत."

बुधवार होता. समोर दत्तू बिडी ओढत बसला होता. शबानानं त्याच्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि उंबऱ्यावर त्यांना टेकून बसली.